फुकटचं हस्ताक्षर

नागपूरच्या इतवारीत कुठेही मान वर करा, डोक्यावर एक हस्ताक्षर लटकलेलं असतं. तर्री-पोह्याचा ठेला, सावजी भोजनालय, शिकवणी वर्ग, फ्लेक्सवरचा वाढदिवसाचा भाऊ, अक्षर तेच. उजवीकडे झुकलेलं, टोकांना गोल, बॉलपेनाने चालता चालता लिहिल्यासारखं. अख्ख्या नागपूरला एकाच मास्तरांनी कित्ता गिरवायला लावला की काय बावा, अशी शंका यावी.

त्या मास्तरांचं नाव 'कलम'. इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये हा फॉन्ट काढला आणि सर्वांना फुकट वापरायला दिला. त्याची देवनागरी अक्षरं लिपी रावल यांची. (आईवडिलांनी नाव ठेवतानाच पुढचं ओळखलं असावं.) एकेका वजनात (म्हणजे जाडीत) 1,025 चिन्हं! आम्ही शाळेत असंच सहज लिहायचो, तर छडी मिळायची.

सहज दिसणं सोपं नसतं. आपण हाताने लिहितो तेव्हा शिरोरेघ एक तर देतच नाही, नाही तर शब्द संपल्यावर एका झटक्यात ओढून मोकळे होतो. फॉन्टमधल्या अक्षराला ती चैन नाही. प्रत्येकाने रेघेचा आपापला तुकडा डोक्यावर घेऊन यायचं आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला बरोबर भिडवायचा. खाली कितीही लवा, वर शिस्त पाहिजे.

पेंटरच्या पाटीवर मात्र वरही शिस्त नसायची. 'भोजनालय' लिहिताना 'भो' ऐसपैस बसायचा आणि 'लय' बिचारा कोपऱ्यात अंग चोरून उभा. त्यात आमचं शहर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी. मराठी-हिंदी एकाच घरात नांदलेली. महाराष्ट्र सरकारने 2009 च्या निर्णयात मराठीचा पाकळीचा 'ल' ठरवून दिला खरा, पण इथल्या ब्रशातून कधी हा 'ल' उतरतो, कधी हिंदीचा. एका पाटीवर दोन्ही दिसले तरी गिऱ्हाईक पोहे खाऊनच जातं.

'कलम'ची चोरी पकडायची तर 'पोहे, पराठे, पाणी' वाचा. तिन्ही 'प' जुळे. माणसाचा हात असा कधी चालत नाही. तिसऱ्या 'प'पर्यंत तो कंटाळतो. तरी मला हा फॉन्ट आवडतो. पोह्यांच्या पाटीला ठाशीव, ताठ अक्षर म्हणजे ठेल्यावर टाय घालून उभं राहणं.

हरकत एकाच जागी आहे. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, सगळ्यांचा राग त्यांच्या गळ्यातल्या पाटीवर असतो. आता त्यातल्या काही पाट्याही छापील हस्ताक्षरात येतात, आणि मग राग असा गोड दिसतो की ज्याच्यावर काढला तोच फोटो काढून नेईल. तेव्हा मंडळाच्या पोरांनो, दुकानांवर खुशाल 'कलम' चालवा. बडग्याच्या पाटीपुरता तरी गल्लीतला पेंटर शोधा, अन् त्याला पैसे द्या.