एकोणीस जणांच्या कंपनीत संस्कृती कशी रुजवावी

पहिली गुंतवणूक खात्यात आली, बालेवाडीत को-वर्किंगमध्ये काचेची खोली मिळाली, लिंक्डइनवर नावाखाली ‘फाउंडर’ लागलं. आता संस्कृतीचं काम हाती घ्यायला हरकत नाही. उत्पादन अजून तयार नसेल तर उत्तमच. ते एकदा बाजारात गेलं की ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि मूल्यांसाठी निवांत वेळ उरत नाही.

आधी माणसं किती असावीत ते ठरवू. एकोणीस. विसावा कर्मचारी आला की भविष्य निर्वाह निधीचा कायदा दारात उभा राहतो, आणि चलनं, तारखा, फॉर्म यांच्या गर्दीत स्टार्टअपचा मोकळेपणा हरवतो. म्हणून विसाव्याला ‘कन्सल्टंट’ म्हणून घ्यावं. काम तेच, टी-शर्ट तोच, रात्रीचे फोनही तेच.

माणसं निवडताना ‘कल्चर फिट’ पाहावा. कामाचं कसब तासाभरात कळतं, फिट कळायला पाच मुलाखती लागतात. उमेदवाराला विचारावं, रविवारी काय करतोस? ‘ट्रेक’ म्हणाला तर कुठला गड ते विचारावं. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढला असेल तर पुढे काही विचारू नये, ऑफर लेटर द्यावं. या पद्धतीने वर्षभरात असा चमू जमतो, की सगळ्यांची आडनावं एकाच लग्नपत्रिकेच्या ‘आपले नम्र’मध्ये खपून जावीत. मग ‘विविधता’ हे मूल्य भिंतीवर लावावं. कुठे तरी ती दिसायला हवी.

भिंतीवरून आठवलं. ‘विविधता’ सोडून बाकी मूल्यं पाचच ठेवावीत. उबर कंपनीची एके काळी चौदा होती, आणि धडाडीसाठी दुसऱ्याच्या पायावर पाय पडला तरी चालेल, अशा अर्थाचंही एक त्यांत होतं. २०१७मध्ये ती मूल्यं आणि संस्थापक दोन्ही बदलावे लागले. शब्द कुठून आणायचे याची चिंता नको. संवाद, आदर, सचोटी आणि उत्कृष्टता हे चार एन्रॉनचे होते. हो, तीच, दाभोळची. डिसेंबर २००१मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली, पण त्यात शब्दांचा काही दोष नव्हता. ते जवळजवळ न वापरलेले, कोऱ्यासारखे मिळतात. पाचवं ‘पॅशन’ घालावं. अक्षरं अॅक्रिलिकची करावीत आणि व्हिडिओ कॉलवर संस्थापकाच्या डोक्यामागे येतील अशी लावावीत.

या बाबतीत जुन्या लोकांचा क्रम साफ चुकला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, कामगारांसाठी वसाहत उभारली, आणि कंपनीची ख्याती सांगणारी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती १९२०मध्ये. दहा वर्षं फुकट गेली! आता खबर पहिल्या आठवड्यात निघते. माळ, वसाहत वगैरे पुढच्या फंडिंगनंतर बघता येतं.

आता गाभ्याचा विषय. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य दर सोमवारी एकदा तरी उच्चारावं. नेटफ्लिक्सने २००९मध्ये आपल्या संस्कृतीबद्दल शंभरावर स्लाइड जगासमोर ठेवल्या, त्यांत नेमकं उलट होतं: आम्ही संघ आहोत, कुटुंब नव्हे, आणि बेताचं काम करणाऱ्याला आम्ही घसघशीत रक्कम हाती देऊन निरोप देतो. आपल्याकडच्या संस्थापकांनी या स्लाइड भक्तिभावाने डाउनलोड केल्या, स्वातंत्र्यावरच्या सगळ्या ठेवल्या, आणि घसघशीत रकमेची तेवढी गाळली. तेही योग्यच. कुटुंबात कोणी पैशांचं बोलतं का? कर्ता ठरवतो, बाकीच्यांना जेवताना कळतं.

मात्र एकत्र कुटुंबात निदान जन्माने वाटा मिळतो. इथे त्यासाठी इसॉप्स आहेत, म्हणजे पुढे कधी तरी कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. हे समजावून सांगताना फळ्यावर कंपनीची आजची किंमत लिहावी, तिला शंभराने गुणावं आणि थोडा वेळ शांत राहावं. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क मिळतो, पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही. ते एक वर्ष तर कायद्यानेच घातलं आहे, त्यामुळे तुमच्याकडे वाईटपणा येत नाही. हक्क मिळाल्यावर शेअर घेताना, ते विकता येवोत न येवोत, त्या दिवशीची किंमत आणि मोजलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा प्राप्तिकर लागतो. हे फळ्यावर लिहायला बहुधा जागा उरत नाही.

कामाच्या तासांबद्दल आकडा कधीही तोंडातून काढू नये. नारायण मूर्तींनी २०२३मध्ये आठवड्याचे ७० तास सुचवले, २०२५च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० म्हटलं, आणि देशभर त्यांच्यावर विनोद झाले. तुम्ही तसं करू नका. रात्री साडेअकराला ग्रुपवर लिहा, ‘घाई नाही, सकाळी बघितलं तरी चालेल.’ पावणेबारापर्यंत ज्यांची उत्तरं येतील त्यांना अंगठा द्यावा, ज्यांची येणार नाहीत त्यांची नोंद ठेवावी. ‘ओव्हरटाइम’ हा शब्द कारखान्यातला आहे, आपल्याकडे त्याला ‘ओनरशिप’ म्हणतात. नऊ वाजता पिझ्झा मागवावा. नऊ माणसांच्या दोन-दोन तासांचा दुप्पट दराने हिशेब करून पाहा, पिझ्झा किती स्वस्त आहे ते कळेल. सुट्ट्या मात्र अमर्याद द्याव्यात. मोजलेली रजा माणूस हक्काने घेतो. अमर्याद रजा मागताना तो आधी इतरांची तोंडं बघतो.

ऑफसाइट शनिवार-रविवारी मुळशीला. अधिक सांगण्यासारखं नाही.

उतरंड नको, म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करावं, संस्थापकालाही. अपवाद एकच, चहा देणारे काका. त्यांना मात्र आवर्जून ‘काका’ आणि ‘तुम्ही’. ते एजन्सीकडून येतात, त्यामुळे एकोणीसमध्ये धरले जात नाहीत. वास्तविक कंपनीची बित्तंबातमी त्यांच्याकडेच असते. मंगळवारी कोण इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा दिवस ‘डेंटिस्टकडे’ गेला, कोणत्या काचेच्या खोलीतून कोण डोळे पुसत बाहेर आली, हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. त्यांना टाऊन हॉलला मात्र बोलावत नाहीत.

कोण डोळे पुसत बाहेर आली, हा प्रश्न निघालाच आहे तर. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २०१३च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, बाहेरची एक व्यक्ती. यावर ‘आपल्याकडे असं काही होत नाही रे’ हे प्रचलित उत्तर आहे. एकोणीस जणांत तीन मुली, त्यांतली सर्वांत वरिष्ठ मागच्या जूनमध्ये रुजू झालेली, आणि तक्रार सांगायची ती संस्थापकाच्या कॉलेजातल्या मित्राविरुद्ध, संस्थापकालाच. इथे कुटुंब फार उपयोगी पडतं, कारण घरातली गोष्ट घरात ठेवायची सवय सगळ्यांना लहानपणापासून असते. समितीचा कागद तेवढा गुंतवणूकदार मागतील त्या आठवड्यात, मागची तारीख घालून, तयार ठेवण्याची प्रथा आहे. ती प्रथा मला किळसवाणी वाटते, पण मार्गदर्शन पूर्ण असावं म्हणून नोंदवली.

मग एखादा महिना असा येतो, की पगार एक तारखेला होत नाही. सातला होईल म्हणतात, मग ‘राउंड क्लोज होतोय’. या काळात ‘संवाद’ हे मूल्य बदलून ‘संयम’ लावावं. नवी अक्षरं कमी लागतात. संस्थापकाने स्वतःचा पगार आधी थांबवला आणि बँकेतला आकडा सर्वांना दाखवला, अशाही कंपन्या असतात. त्यांच्या भिंतीवर बहुतेक काही लिहिलेलं नसतं, म्हणून त्यांची उदाहरणं प्रशिक्षणात घेता येत नाहीत.

शेवटी कोणी तरी राजीनामा देतोच. नोटीस पीरियड आपल्या बाजूने पंधरा दिवसांचा आणि त्याच्या बाजूने नव्वद दिवसांचा असावा. केक कापावा. एक्झिट इंटरव्ह्यूत त्याला मोकळेपणाने बोलायला सांगावं. पूर्ण हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर अजून तुमच्याकडे असल्यामुळे तो मोकळेपणाने म्हणेल, ‘खूप शिकायला मिळालं.’ ते वाक्य त्याच्या हसऱ्या फोटोसह कंपनीच्या करिअर पानावर टाकावं आणि एजन्सीला नवीन कन्सल्टंटबद्दल फोन करावा.