नुसतं बघतोय

(रंगमंचावर एक टेबल, त्यावर पुस्तकांची चळत. कलाकार सॅक पोटाशी धरून, गर्दीतून वाट काढल्यासारखा आत येतो.)

ठाणेकर, कल्याणकर, नमस्कार! डोंबिवलीकर... (दाराकडे बघत) येतील, येतील. दिव्याला सिग्नल लागला असेल.

फेब्रुवारी २०१७. नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, आपल्या डोंबिवलीत! कुठे? सावळाराम महाराज क्रीडा संकुलात. साहित्य, आणि क्रीडा संकुलात! जागा निवडणारा माणूस अनुभवी असणार. मी तेव्हा पदवीधर, म्हणजे घरीच. एका प्रकाशकांना स्टॉलवर पोरगा हवा होता. नाव नाही घेत, पैसे यायचेत अजून. तीन दिवस, रोज पाचशे आणि वडापाव.

आता २०१७चा फेब्रुवारी म्हणजे काय, आठवा. नोटाबंदी ताजी. हिरवा पाऊस डोंबिवलीने आधीच बघितला होता, आता ज्याच्या त्याच्या हातात गुलाबी नोट! पुस्तक दीडशेचं, नोट दोन हजाराची. ‘सुटे नाहीत’ म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा असा खुलायचा! ‘अरेरे! घेणारच होतो हो!’ इतकी वर्षं मराठी माणूस पुस्तक न घ्यायला कारण शोधत होता, ते रिझर्व्ह बँकेने छापून दिलं. १८७८ साली रानड्यांनी पुण्यात पहिल्या संमेलनाला ग्रंथकार गोळा केले, सगळं केलं, ‘सुटे घेऊन या’ एवढं सांगायचं राहिलं.

तर धडा पहिला : खपतं काय? ‘रुचिरा’. १९७० पासून खपतंय! कारण कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. (प्रेक्षकांत बोट रोखून) कवी आहेत का कुणी? तुम्ही दिलंत कधी माप? आमच्या स्टॉलवर एक कवी दर तासाला यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि स्वतःचा संग्रह हळूच ‘रुचिरा’वर ठेवून जायचे. बायका तो बाजूला करायच्या. झाकण उचलावं तसा!

आणि मग... (आवाज बदलतो, चष्मा नाकावर) ‘नुसतं बघतोय हो.’

टिळकनगरचे काका! पहिल्या दिवशी सकाळी आले. एक जाडजूड रहस्यकथा उचलली, स्टॉलच्या खांबाला टेकले आणि पान एकपासून सुरू! दुपारी मी म्हटलं, काका, देऊ का बांधून? ‘नको. नुसतं बघतोय.’ संध्याकाळी खिशातून केडीएमटीचं तिकीट काढलं, चार घड्या घातल्या, पानात सरकवलं. ‘उद्या येतो. खूण हलवू नकोस. आणि काय रे, इथे पंखा नाही का?’

दुसऱ्या दिवशी घरून मोडा घेऊन आले! आणि गिऱ्हाइकांना सल्ले. ‘ते नका घेऊ, मध्ये फार लांबलंय. हे पण नका घेऊ, वाचनालयात मिळतं.’ मी म्हटलं, काका, मी इथे विकायला बसलोय! ‘अरे, मी कुठे अडवतोय? मी नुसतं...’ (प्रेक्षकांकडून उत्तर येईपर्यंत थांबतो.)

तिसऱ्या दिवशी मी वैतागून विचारलंच. काका, तीनशे रुपयांचं पुस्तक. पेन्शन आहे. घेऊन का नाही टाकत?

(सावकाश) म्हणाले, ‘ठेवू कुठे? वन रूम किचन. मुलगा, सून, नातू. नातवाला अभ्यासाला टेबल हवं होतं, तिथे माझं कपाट होतं. पुस्तकं वजनावर गेली. आता एक जरी घरी नेलं ना, तर सून काही बोलणार नाही. फक्त बघेल.’

(थांबतो.) तेवढ्यात एक बाई आल्या. नेमकं तेच पुस्तक, एकच प्रत, आणि हातात सुटे तीनशे! अख्ख्या संमेलनातलं दुर्मीळ दृश्य. मी म्हटलं, ‘ताई, ते बुक झालंय.’ काकांनी वर बघितलंसुद्धा नाही. फक्त पान जरा भराभर उलटायला लागले.

समारोपाच्या वेळी काकांनी पुस्तक मिटलं. तिकीट काढून खिशात घातलं. माझे डोळे भरलेले. म्हटलं, आता आशीर्वाद देणार!

‘शेवट नाही पटला. बरं झालं घेतलं नाही.’

मोडा उचलून चालते झाले!

आता पगार. मालकांनी पाकिटातून गुलाबी नोट काढली. ‘दीड हजार झाले ना? पाचशे सुटे आहेत?’ माझ्याकडे रिटर्न तिकीट आणि वडापावची चटणी! ‘मग सुटे झाले की देतो.’

मी थांबलो. १९ मे २०२३ला ती नोटच चलनातून काढायचं ठरलं. मालकांचा स्वतःहून फोन! ‘ऐकलंस का? अरे, तुझी नोकरी तीन दिवसांची, पण नोट तरी कुठे टिकली? साडेसहा वर्षं! कसला हिशोब घेऊन बसलास? बरं, यंदा दिवाळी अंकांना पोरगा हवाय. येतोस?’

म्हटलं, पैसे?

‘हो, घेऊन ये.’

(अंधार.)