जॉबकार्डवाले काका

फाइव्ह गार्डन्सच्या जुन्या इमारतींपासून भक्ती पार्कच्या टॉवरांपर्यंत वडाळ्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एक काका असतात. नवी गाडी आली की बाकीच्यांप्रमाणे तेही विठ्ठल मंदिरापाशी नारळ फोडतात, पेढे वाटतात. पण त्याच रात्री चष्मा लावून वॉरंटीची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढतात, अगदी बारीक टाइपातल्या मजकुरासकट. 'तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते' या ओळीखाली पेन्सिलीची रेघ येते. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली जाते. बिल्डर, केबलवाला, गॅस एजन्सी यांच्या फायलींशेजारी तिची जागा आधीपासून ठरलेली असते. ज्या वडाळ्यात आरटीओ आहे, तिथला माणूस कागदाला घाबरणार कसा! सोसायटीत त्यांना किरकिरे म्हणतात, सर्व्हिस सेंटरमध्ये याहून वाईट काहीतरी म्हणत असावेत. माझं म्हणणं असं की, आपल्याकडे वॉरंटी जी काही थोडीफार पाळली जाते, ती या किरकिऱ्या माणसाच्या जिवावर पाळली जाते.

एक साधा आवाज घ्या. स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडून 'टक्' असा येतो. रोज येत नाही. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की मुळीच येत नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅबवर बोट फिरवत विचारतो, "और कुछ प्रॉब्लेम, सर?" सामान्य गिऱ्हाईक तोंडी सगळं सांगतं, तो मान डोलावतो आणि जॉबकार्डवर उमटतं 'जनरल चेकअप'. संध्याकाळी गाडी धुऊन परत मिळते, शेरा 'चेक्ड, ओके'. आठवड्याने टक्. असं चार वेळा झालं तर मालकाच्या लेखी एकच दोष चार वेळा आला. कंपनीच्या संगणकात मात्र एका हौशी माणसाने चार वेळा गाडी तपासून घेतली, इतकीच नोंद. आणि वॉरंटी संपल्यानंतरच्या भेटीत तोच अ‍ॅडव्हायझर गाडी लिफ्टवर चढायच्या आत निदान करतो, "लिंक रॉड गेलाय सर, एस्टिमेट देतो." काका इथेच वेगळे पडतात. ते सही करायच्या आधी कार्ड वाचतात. 'जनरल चेकअप' खोडायला लावतात आणि शब्दशः सांगतात, "लिही बाळा: पुढचं डावं चाक, पहिला गिअर, स्पीडब्रेकर उतरताना, मागे डावीकडे माणूस बसलेला असताना. तक्रार तिसऱ्यांदा. मागच्या दोन्ही जॉबकार्डांचे नंबर घाल." मागे माणूस बसलेला असताना, हा शोध काकूंचा. टेस्ट ड्राइव्हर गाडी रिकामी नेतो, एसी फुल आणि काचा बंद. मग आवाज येणार कुठून आणि ऐकणार कोण? म्हणून काका स्वतः चालवतात आणि अ‍ॅडव्हायझरला मागे डावीकडे, काकूंच्या जागी बसवतात.

यावर कोणी म्हणेल, सर्व्हिस सेंटरवाले काय मुद्दाम फसवतात? मुद्दाम नाही; आणि म्हणूनच काकांची गरज जास्त. लबाड माणूस पकडता तरी येतो. इथे सगळे आपापलं काम नेटाने करत असतात. वॉरंटीत बदललेल्या भागाचे पैसे डीलरला कंपनीकडून मागावे लागतात, काढलेला जुना भाग पुराव्यासाठी जपून ठेवावा लागतो, आणि दावा फेटाळला गेला तर भुर्दंड डीलरवर येतो. उलट कोटिंग, पॉलिश, आतली सफाई यांचे पैसे रोख मिळतात आणि अ‍ॅडव्हायझरचं महिन्याचं टार्गेटही त्यांवरच भरतं. गिऱ्हाईकाच्या एका 'टक्'साठी कोण एवढा उपद्व्याप करणार? त्यातून रबरी बुश वगैरे वस्तू 'झीज' या सदरात टाकून वॉरंटीबाहेर ठेवलेल्या असतातच. मग उरतं ते हुकमी वाक्य: "सर, इस मॉडल में ये नॉर्मल है." काका शांतपणे म्हणतात, "ठीक आहे, हेच लेटरहेडवर दे." लेटरहेड कधी सापडत नाही. त्याऐवजी वर्क्स मॅनेजर बाहेर येतात आणि चहा मागवला जातो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. त्या पोराचा काय दोष? दिवसभर उभा, वरून साहेबाचा दाब, समोर काकांसारखी माणसं. आक्षेप अर्धा खरा आहे. काही काका वयाचा फायदा घेतात, आवाज चढवतात. फीडबॅकच्या फोनवर दहापैकी किती गुण देणार याची टांगती तलवार पोराच्या डोक्यावर ठेवतात. त्यांची तरफदारी मी करणार नाही. पण अस्सल जॉबकार्डवाले काका ओरडत नाहीत, त्यांना ओरडायची गरजच नसते. शिवाय नीट लिहिलेली तक्रार त्या पोराच्याही उपयोगाची असते. कंपनीच्या एरिया मॅनेजरपुढे 'गिऱ्हाईक फार कटकट करतंय' या म्हणण्याला किंमत नाही, तारीखवार तीन जॉबकार्डांना आहे. राहता राहिला आपला लाडका सल्ला: कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवा, तो पाच मिनिटांत सांगेल. सांगेलच. पण त्याने पाना लावला की पुढच्या खेपेला कंपनी म्हणते, गाडी बाहेर खोलली होती. शिवाय तोच भाग पुन्हापुन्हा जात असेल तर मूळ दुखणं दुसरीकडे असतं, आणि ते शोधायचा खर्च वॉरंटीची किंमत आधीच घेऊन बसलेल्याने करावा, हे काकांचं म्हणणं मला तरी बिनतोड वाटतं.

मग सरळ ग्राहक आयोगात का जात नाहीत? लांबही नाही, मुंबईच्या जिल्हा मंचांचं काम परळच्या पुरवठा भवनात चालत आलं आहे. 2020 साली लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण काका कायदा वाचून आहेत. गाडीची तांत्रिक तपासणी लागणार असेल तर निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो; तारखा त्यांच्या चालीने पडतात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने 1982 साली कायदाच केला, की एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही तर गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा. आपल्याकडे तसा कायदा नाही. उलट 2006 साली मारुती उद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचं वचन असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणजे सारी लढाई त्या एका भागापुरती, आणि तिथेही प्रश्न तोच: दोष होता याला कागद काय? मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली सुरू झाली, तेव्हापासून या शहरातल्या मध्यमवर्गातला एक भाग वाणसामानाची यादी आणि पावती ताडून पाहत आला आहे. काका त्याच घरातले. तूरडाळीच्या जागी आता लिंक रॉड आला, इतकंच.

शेवटचा आक्षेप असा, की सगळेच असे वागले तर सर्व्हिस सेंटरं बंद पडतील. पडणार नाहीत, उलट गाड्या माघारी बोलावल्या जातील. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, एखाद्या मॉडेलबद्दल ठरावीक प्रमाणात तक्रारी नोंदल्या गेल्या आणि दोष सुरक्षेला बाधक निघाला, तर सरकार सात वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावू शकतं. हे प्रमाण नोंदलेल्या तक्रारींवर ठरतं. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या केलेली कुरकुर कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचे तरुण साहेब लिफ्टमध्ये म्हणतात, "काका, माझ्या गाडीतही अगदी तोच आवाज आहे." काका विचारतात, "जॉबकार्ड?" नाही. "मग तुमच्या गाडीत आवाज नाही." एवढं बोलून मात्र ते साहेबांना वाऱ्यावर सोडत नाहीत. सोमवारी सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्यायला लावतात. शनिवार नको, कारण शनिवारच्या गर्दीत सगळ्याच गाड्या 'ओके' निघतात. आणि मागे डावीकडे कोण बसणार, तेही आधीच ठरवून ठेवायला सांगतात.