नंबरी उपाय

२०१० सालची गोष्ट. दिल्लीत तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांची विरोधी पक्षनेत्यांबरोबर बैठक चालू होती. मधेच त्यांचा मोबाईल वाजला. अर्थमंत्र्यांना बैठकीतून उठवणारा फोन म्हणजे काम तेवढंच तातडीचं असणार. त्यांनी तो घेतला. पलीकडून विचारणा झाली : गृहकर्ज हवंय का? बैठकीत आहे, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. बातमी झाली, आणि दूरसंचार खात्याची झोप उडाली. फोन करणाऱ्याला त्या वेळी सगळ्यांनी नावं ठेवली. आमच्या मते मात्र या देशात अचूक गिऱ्हाइकाला लागलेला तो एकमेव फोन असावा. दरवर्षी संसदेत उभं राहून लाखो कोटींची उसनवारी जाहीर करणाऱ्या माणसाला कर्ज हवंय का विचारायचं नाही, तर काय महिनाअखेरीला पेपरवाल्याला चुकवणाऱ्या आमच्यासारख्याला?

तर, खातं जागं झालं. आणि जागं झाल्यावर कुठलंही सरकारी खातं जे करतं तेच त्यानं केलं : नंबर दिला. १९०९ होताच. त्यावर मेसेज पाठवला की 'डू नॉट डिस्टर्ब'च्या यादीत आपलं नाव चढतं. तिथेही सरसकट 'मला छळू नका' म्हणायची सक्ती नाही. बँक-विमा, घरं, शिक्षण, आरोग्य, गाड्या आणि घरगुती वस्तू, करमणूक, पर्यटन, खाणंपिणं अशा आठ रकान्यांतून कोणता छळ चालेल ते निवडायची मुभा आहे. कर्ज नको पण काश्मीर चालेल, असं ताटात वाढून घेतल्यासारखं सांगता येतं. हे पाहून दूरसंचार नियामकाबद्दल आदर दुणावतो.

मग २०११ मध्ये जाहिरातवाल्यांसाठी १४०ने सुरू होणारे नंबर आले. हेतू असा की फोन कुणाचा ते लोकांना ओळखता यावं. लोकांना ओळखता आलं. म्हणून ते उचलेनासे झाले. म्हणून जाहिरातवाल्यांनी तुमच्याआमच्यासारखे दहा आकडी नंबर घेतले. आता खोटा फोन ओळखायची सोय उरली नाही, तेव्हा खऱ्याच्या कपाळावर टिळा लावायचं ठरलं. बँकांनी कामाचे फोन १६००च्या मालिकेतून करावेत, म्हणजे तो खरा. आमची अडचण एवढीच की फोन वाजला की आधी चष्मा शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत खरा-खोटा दोघेही ठेवून देतात.

तक्रारीची पद्धत तर शाळेची आठवण करून देणारी. कुठल्या नंबरवरून आला, कोणत्या तारखेला, काय म्हणाला, हे सगळं नीट लिहून १९०९ला पाठवायचं. पूर्वी तीन दिवसांच्या आत, आता सात. फोन त्यानं करायचा, गृहपाठ आपण. शिवाय एकट्यादुकट्याच्या छळाला किंमत नाही. बेनामी नंबरवर कारवाई व्हायला आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. फेब्रुवारी २०२५मध्ये नियम सैल केला : दहा दिवसांत पाच. पंचांमुखी परमेश्वर म्हणतात तो असा. आता दुपारी अडीचला, डोळा लागल्या लागल्या, 'सर, बस दो मिनट' म्हणणारा फोन आला तर आणखी चौघांची झोपमोड होण्याची प्रार्थना करत पडून राहायचं.

इतकं करून जनता जागृत होत नाही म्हटल्यावर सरकारनं स्वतःच फोनमध्ये शिरायचं ठरवलं. करोनात आपण कुणालाही फोन लावला की आधी एक माणूस खोकायचा. पुढे सायबर फसवणुकीपासून सावध करायला अमिताभ बच्चन आले. नको असलेल्या आवाजापासून सावध राहा, असं सांगणारा तो आवाज २०२५पर्यंत ऐकायला लागत होता, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून. त्याला डीएनडी लागू नव्हतं. तो आठापैकी कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

आणि ज्यांना सावध करायचं ते सावध झाले का? 'तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडलेत' म्हणत व्हिडिओवर गणवेश दाखवणारा भामटा निवृत्त मास्तरांना दोन-दोन दिवस घरातच कोंडून आयुष्याची पुंजी उपसतो. अशी फसवणूक कळवायला १९३० हा आणखी एक नंबर आहे. तो मात्र खरोखर पाठ करून ठेवा, त्यात थट्टा नाही.

आपले नंबर यांना मिळतात कुठून, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहावं. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता 'मोबाईल नंबर?' म्हणतो, आणि रांगेतले काका साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, 'अठ्ठ्याण्णव, बावीस...' मागची बाई विसरेल म्हणून शेवटचे चार आकडे पुन्हा. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. दुकानदार सक्ती करतच नाहीत. ते नुसतं विचारतात. सांगायची हौस आपली. मॉलमध्ये काचेच्या पेटीशेजारी मोटार उभी असली, की तीच हौस आपण नाव, पत्ता, वय, वार्षिक उत्पन्न यांसह चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, आत टाकतो. मोटार आजवर कुणाला लागली ते कळलेलं नाही.

या सगळ्या नंबरांना न जुमानणारा इलाज आम्ही आमच्याच बिल्डिंगीत पाहिला. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा फावल्या वेळात वधू-वर सूचक मंडळ चालवतात. फोनवर मुलगी म्हणाली, 'सर, प्री-अप्रूव्हड लोन है', की आप्पा वही उघडतात. 'लोनचं बघू. तुझं वय काय, बाळ? उंची? शिक्षण? मंगळ आहे का?' हिंदी असली तर हिंदीत. मंगळापर्यंत सहसा कुणी टिकत नाही. महिन्याभरात आप्पांचा फोन गप्प झाला. त्यांचा नंबर कुठल्याशा यादीतून काढलाय, असं दिसतं. म्हणजे नियामकाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते पत्रिकेनं केलं.

फक्त एक मुलगा अडला. क्रेडिट कार्ड विकणारा, नांदेडकडचा. त्यानं वय सांगितलं, उंची सांगितली, रास-नक्षत्र सांगितलं, मंगळ नसल्याचंही सांगितलं आणि सायंकाळी व्हॉट्सॲपवर फोटोसकट बायोडेटा धाडला. आता दर रविवारी सकाळी, आप्पा दाढी करत असताना, त्याचा फोन येतो : 'काका, कुठं काही जमतंय का?' परवा आप्पांनी आमच्याकडून १९०९ची सगळी माहिती घेतली. आठही रकाने दोनदा वाचले. स्थळ कुठेच नाही.