सगळ्यांचं नाव कामीय

“काकू, काल रात्री बराच वेळ फोन चालला होता. धाकटी का? काय म्हणतेय नांत?”

“नांत कसलं काय म्हणतंय! जेवतेस का, थंडी किती पडलीय, काहीही विचारलं तरी गाडी पुन्हा त्या चिखलातल्या लोकांवर. मैत्रिणींबरोबर जाऊन राहून आली म्हणे. मालक नाही, सरपंच नाही, पोलीस नाही आणि शेदोनशे माणसं एकत्र शेती करतात. तुझं वाचन असतं, तू सांग, ही काय भानगड?”

काकूंनी मेथीची जुडी कंपाउंडच्या भिंतीवर सोडली. म्हणजे आता निवडून होईपर्यंत माझी सुटका नाही. खरं सांगायचं तर मला ती हवीही नव्हती. आळीतल्या भानगडी सगळेच सांगतात, फ्रान्समधली पहिल्यांदाच आली होती.

गावाचं नाव नोत्र-दाम-दे-लांद. पश्चिम फ्रान्समध्ये, नांत शहराच्या उत्तरेला. साठच्या दशकात सरकारच्या मनात आलं की इथं मोठा विमानतळ हवा, आणि 1974 मध्ये साडेसोळाशे हेक्टरांचा पट्टा त्यासाठी राखून ठेवला. अशा पट्ट्याचं सरकारी लघुरूप ‘झाद’, म्हणजे सवडीनं विकास करायची जागा. आंदोलकांनी पुढं अक्षरं तीच ठेवली आणि अर्थ केला राखायची जागा.

“साडेसोळाशे हेक्टर म्हणजे चार हजार एकरांच्या वर झाले,” आतून काकांचा आवाज आला. काका निवृत्त तलाठी. जमिनीचा आकडा कानावर पडला की त्यांची वामकुक्षी मोडते.

“शेतकऱ्यांनी 1972 मध्येच संघटना बांधली होती, काका. पुढं योजना वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली. आसपासच्या मुलखात जमीन एकत्रीकरणाच्या नावाखाली बांध मोडले, बांधावरची झाडं उपटली. इथं विमानतळ येणार म्हणून कुणी हातच लावला नाही. त्यामुळं जुने बांध, डबकी, पाणथळ कुरणं जशीच्या तशी राहिली. विमानतळानंच ती राखली म्हणा ना.”

“एकत्रीकरणाचं मला सांगू नकोस,” काका दारात आले. “त्याचे वाद मी निवृत्त होईपर्यंत निस्तरत होतो.”

2000 नंतर योजनेवरची धूळ झटकली गेली. 2009 मध्ये तिथल्या काही रहिवाशांनी हाक दिली की सरकारी खरेदीमुळं रिकामी पडलेली घरं आहेत, जमीन आहे, या आणि राहा. लोक आले. विद्यार्थी, बेकार, सुतार, भटके, पुस्तकं वाचून बिघडलेले.

“तुझ्यासारखे.”

“माझ्यासारखे. सरकार नावाची गोष्टच नको म्हणणारे अराज्यवादी एका बाजूला, आणि बांधाला बांध लावून पिढीजात दूध घालणारे शेतकरी दुसऱ्या बाजूला. शेतकऱ्यांना त्यांची मतं पटत होती असं नाही. पण बुलडोझर दोघांच्याही दाराशी येणार होता.”

“आणि तिथला म्होरक्या कोण?”

“तीच तर मजा. पत्रकार गेले की जो भेटेल तो आपलं नाव सांगायचा कामीय. फ्रेंचांत हे नाव बाईचंही असतं, बाप्याचंही. टीव्हीवर आज एक कामीय, उद्या दुसरी कामीय. म्होरक्या सापडला नाही की उचलायचा कुणाला आणि विकत घ्यायचा कुणाला?”

काकूंना हे फार आवडलं. आमच्या आळीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष दर वर्षी फ्लेक्सवर केवढा असतो, त्यावरून त्या थोडं बोलल्या. ते इथं छापत नाही.

ऑक्टोबर 2012 मध्ये हजारभर पोलीस घरं पाडायला आले. पंतप्रधान होते झाँ-मार्क एरो, 23 वर्षं नांतचे महापौर राहिलेले आणि विमानतळाचे खंदे पुरस्कर्ते. मोहिमेचं नाव ठेवलं ‘सीझर’. फ्रान्समध्ये हे नाव सुचवणाऱ्यानं लहानपणी ॲस्टेरिक्सची चित्रकथा वाचली नसावी, तिच्यात मूठभर गावकरी सीझरला पुरून उरतात. महिनाभरात, 17 नोव्हेंबरला, पाडलेली घरं पुन्हा बांधायला मोर्चा आला. आयोजकांच्या हिशेबानं 40,000 माणसं, बरोबर फळ्या, खिळे, हातोडे. चेस्टनटच्या राईत झोपड्यांचा नवा वाडाच उभा राहिला आणि शेतकऱ्यांनी त्याभोवती ट्रॅक्टरचं कडं करून ते साखळ्यांनी एकमेकांना जखडले. विमानतळाचं कंत्राट व्हँसी कंपनीकडं होतं, हमरस्त्यांवर रेडिओ चालवणारी तीच. या लोकांनी आपला चोरटा रेडिओ लावला तो नेमका तिच्याच 107.7 वर, नाव ‘क्लाक्सोन’. मोटार चालवताना वाहतुकीच्या बातम्या ऐकायला जावं, तर पोलीस कुठल्या वळणावर उभे आहेत ते ऐकू यायचं!

“धुराचं, काठ्यांचं राहू दे गं,” काकू म्हणाल्या. “खातात काय? भांडी कोण घासतं?”

वर्तमानपत्रांनी अडथळे आणि अश्रुधूर भरपूर छापला. चूल कशी चालते हे विचारायला भिंतीवरच्या काकू लागतात.

साठ-सत्तर ठिकाणी वस्ती. कुठं जुनं दगडी घर, कुठं फळ्यांची खोली, कुठं चाकांवरचा डबा. दर शुक्रवारी बाजार भरायचा, त्याचं नावच ‘बाजार नव्हे’. भाजी, पाव, चीज मांडलेलं. ज्याला जे जमेल ते त्यानं डब्यात टाकायचं, काहीच जमत नसेल तर तसंच न्यायचं. पाव तिथलेच लोक भाजायचे, गहूही तिथलाच. शेती ठरवायला वेगळी बैठक, जंगलतोड ठरवायला वेगळा गट. कुठलं झाड पाडायचं, कुठलं ठेवायचं हे त्या गटानं ठरवायचं आणि पाडलेल्याच्या फळ्या वस्तीतच वापरायच्या. 2016 मध्ये सुतारांनी जमून एक भलंमोठं लाकडी कोठार उभं केलं, त्याला ‘भविष्याचं कोठार’ म्हणतात. ट्रॅक्टर सामाईक. त्या अवजारसंघाचं नाव तर सांगलीकरांनी ऐकायलाच हवं: कुरकुमा, म्हणजे आपली मार्केट यार्डातली हळद. लांबलचक नावाचं ते लघुरूप आहे, आणि अर्थ साधारण असा: शेती अवजारांची झीज, दुरुस्ती, मोडतोड आणि जमलंच तर वापर करणारी सहकारी संस्था.

“ही मात्र खरी सहकारी संस्था,” काका म्हणाले.

“भांड्यांचं राहिलंच.”

“धाकटीला विचारा.”

“विचारलं. म्हणाली, ‘आपली आपण घासतो, मोठ्या पातेल्यांना पाळी लावतो.’ इथं असताना चहाचा कप उचलत नव्हती.”

आता निर्णयांचं. मतदान जवळजवळ नाहीच. दर आठवड्याला बैठक, आणि एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. कोणाकडं बियाणं आहे, बैठक कधी, कोण कोणावर चिडलंय हे सगळं एका पत्रकात छापून ते हातानं वस्तीवस्तीवर पोचवलं जायचं. मालक नसला की कटकट संपते असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा एका बैठकीला जरूर बसावं. हुकूम देणारा नसेल तर प्रत्येक गोष्ट कुणाला ना कुणाला पटवून द्यावी लागते, आणि पटवायला रात्र पुरत नाही. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत निदान ठराव टाळ्यांनी मंजूर होतो.

“आणि भांडणं? शेदोनशे माणसं म्हणजे होणारच. पोलीस तर बोलवायचे नाहीत.”

“होती की. पट्ट्याच्या पूर्वेला काहींनी इंजिन नावाची वस्तूच नको म्हणून ठरवलं होतं. त्यांच्या शेजारी ट्रॅक्टर धडधडायचा. कुणी म्हणायचं गाई पाळणं हीच गुलामी, आणि जवळच्याच गोठ्यात दूध काढायची वेळ झालेली. मग त्यांनी 12 जणांचं एक मंडळ केलं. नावं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि ठरावीक काळानं माणसं बदलायची. काम एवढंच की भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळं ऐकायचं आणि मध्यस्थी करायची.”

काकूंनी दोन काड्या बाजूला टाकल्या. “चिठ्ठीनं हे बरं. नाहीतर पंच होतो तोच, ज्याला पंच व्हायची हौस असते.”

मला ही सगळ्यांत शहाणी सोय वाटते. निवडून आलेला पंच दुसऱ्या दिवसापासून पुढची निवडणूक बघतो. चिठ्ठीनं आलेल्याला आपण लवकरच उठणार आणि उद्या आपलंही भांडण असंच कुणापुढं येणार, हे ठाऊक असतं.

जून 2016 मध्ये सरकारनं त्या परगण्यात कौल घेतला. 55 टक्के लोक विमानतळ हवा म्हणाले. खुद्द नोत्र-दाम-दे-लांद गावानं मात्र नको म्हणून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये हजारो माणसं हातात काठी घेऊन आली आणि ती तिथल्या जमिनीत रोवून गेली, पाडायला आलात तर काठी घ्यायला परत येऊ, अशी शपथ घेऊन. आणि 17 जानेवारी 2018 ला पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी जाहीर केलं की विमानतळ रद्द.

“जिंकले!”

“जिंकले, आणि तिथूनच फाटायला लागलं. सरकार म्हणालं, पहिल्यांदा रस्ता मोकळा करा. वस्तीतून जाणाऱ्या एका रस्त्यावर अडथळे आणि झोपड्या उभ्या होत्या. बैठकीत ठरलं की करू या. काहींना ती शरणागती वाटली. जिनं तो रस्ता रात्र रात्र राखला ती, आणि जो म्हणत होता की आता दूधगाडी जाऊ दे तो, दोघंही एकाच बैठकीत. तरी 9 एप्रिलला अडीच हजार पोलीस आलेच. मेंढ्या पाळणारं एक शेत होतं, ‘शंभर नावं’ नावाचं, तेही जमीनदोस्त केलं.”

काका आता भिंतीला टेकले होते. त्यांनी तो प्रश्न विचारला, जो गप्पा सुरू झाल्यापासून त्यांच्या जिभेवर होता.

“सातबारा कुणाच्या नावावर?”

सरकारनं हेच विचारलं होतं. राहायचं असेल तर अर्ज भरा, नाव लिहा, कोण कुठला तुकडा कसणार ते लिहा. इतकी वर्षं सगळे कामीय, आता प्रत्येकाला खरं नाव हवं! एक गट म्हणाला, अर्ज म्हणजे गुडघे टेकणं. दुसरा म्हणाला, अर्ज नाही दिला तर उद्या इथं गवतही उरणार नाही. शेवटी त्यांनी तोड काढली ती वकिली डोक्याची. चाळीसेक प्रकल्पांचे अर्ज एकत्रच नेऊन दिले आणि ते एकमेकांत असे गुंतवले की एकाला ठेवून दुसऱ्याला काढणं अवघड जावं. जूनमध्ये पहिल्या 15 करारांवर सह्या झाल्या. पुढं बरीच जमीन तिथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडं गेली आणि लांब मुदतीचे भाडेपट्टे झाले. काही जण सह्या बघून संतापले आणि निघून गेले.

मी सही करणाऱ्यांच्या बाजूची. ज्यांची घरं पडली त्यांच्यासमोर हे बोलायची हिंमत मात्र झाली नसती.

“त्यांनी आपल्याकडं विचारायचं होतं,” काका म्हणाले. “गडचिरोलीत मेंढा-लेखा. धानोरा तालुका. गोंडांचं गाव. तिथंही मतदान नाही, ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत थांबतात. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांचीच. 2009 मध्ये 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. आणि 2013 मध्ये सगळ्या गावानं आपापली शेतजमीन ग्रामसभेला द्यायचं ठरवलं. 1964 चा ग्रामदान कायदा आहे त्यासाठी. कायदा पडून होता, त्यांनी वाचला.”

“म्हणजे नाव एकाचंही नाही?”

“गावाचं. पण एक लक्षात घे, ते लोक मूळचे तिथले. पिढ्यान् पिढ्या एकमेकांना ओळखणारे. हिच्या त्या कामीयांचं तसं नाही, ती दहा दिशांनी आलेली माणसं. त्यांना एकत्र ठेवत होता तो विमानतळ. तो गेल्यावर टिकून राहिले हे मला जास्त अवघड वाटतं.”

तलाठ्याच्या तोंडून अराज्यवाद्यांचं कौतुक ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. काकूंनाही नसावं, कारण त्यांनी निवडलेली मेथी उचलली आणि विषय मुलीवर नेला.

“दिवाळीला येतेय धाकटी. विमान कुठून धरणार आता, तो तर झालाच नाही?”

नांतच्या जुन्याच विमानतळावरून. नवा झाला की जुन्यावरची प्रवासी विमानं तिकडं हलणार होती. तो जुना अजून चालू आहे.