बंपराची कैफियत

मोटारीच्या काळ्या प्लॅस्टिकवर चढणारी पांढुरकी कळा ही मालकाच्या आळसाचा निर्विवाद पुरावा होय, असे माझे मत सोसायटीतील इतरांच्या गाड्यांकडे पाहताना पूर्वीपासूनच दृढ होते. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र पुण्याचे ऊन, वैशाखातली धूळ आणि रसायनशास्त्र या तिघांवर मी फिर्याद गुदरली आहे.

त्यातही मुख्य आरोपी रसायनशास्त्र. इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली ज्याची रेणुरचना नियमबद्ध केली, आणि ज्यासारख्या बहुवारिकांवरील कार्यासाठी त्यांना १९६३ साली त्सीग्लर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते बंपराचे पॉलिप्रॉपिलीन मूळचे काळे नसतेच. रंगासाठी आणि उन्हापासून संरक्षणासाठी त्यात चक्क काजळी कालवतात. तरीही अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतात, पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात, प्रकाश त्यांवर विखुरतो आणि आतली काजळी शाबूत असूनही बंपर भस्म फासल्यासारखा दिसतो.

येथे विषयांतराची परवानगी मी मागत नाही, घेतो. अँबॅसडर आणि पद्मिनी यांचे बंपर लखलखीत क्रोमचे असत. १९८३ साली मारुती ८०० आली ती काळे बंपर लेवून, आणि तिला त्यावरून कोणी हिणवले नाही. पुढे बंपर गाडीच्याच रंगात रंगवण्याची टूम निघाली आणि काळ्याचा दर्जा घसरला: सर्वांगी रंगीत तो मामलेदार, बंपर रंगीत पण आरसे आणि दारांच्या मुठी काळ्या तो अव्वल कारकून, आणि सगळेच काळे तो बिनपगारी उमेदवार. माझी गाडी या उमेदवार वर्गातली. मंगल कार्यालयाच्या दारात उतरताना यजमानांची नजर आधी बंपराकडे आणि मग आहेराच्या पाकिटाकडे जाते, हे ध्यानात आल्यावर ‘रंगवलेला बंपर ढोंगी, एका ओरखड्यात उघडा पडणारा, काळा तेवढा प्रामाणिक’ असा सिद्धान्त मी मांडला, आणि तो तत्त्वचिंतनातून नव्हे तर हप्त्यांच्या हिशेबातून जन्मला आहे हे पुरते ठाऊक असूनही आमच्या सौभाग्यवतींनी चारचौघांत तो कधी खोडला नाही. पण आता पंधरा-पंधरा लाखांच्या एसयूव्ही चाकांभोवती आणि दारांखाली तेच न रंगवलेले काळे प्लॅस्टिक ‘क्लॅडिंग’ म्हणून मिरवतात! काल जो दारिद्र्याचा दाखला होता त्याची आज सनद झाली, आणि आम्हा जुन्या वतनदारांना कोणी साधे विचारलेसुद्धा नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

वतन म्हटले की निगा आलीच. शाम्पूचे पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन दाणेदार खळग्यांत रुतलेले पॉलिशचे पांढरे कण मी रविवारी उपसतो, सुकल्यावर सिलिकॉनचे द्रावण स्पंजाने अगदी पातळ लावतो आणि उरलेले कोरड्या फडक्याने टिपून घेतो; न टिपल्यास धूळ त्यावर मुक्कामालाच येते. गरम हवेच्या यंत्राने प्लॅस्टिक शेकण्याचा सल्ला एका स्नेह्यांनी दिला, पण वितळलेल्या बंपराचे तत्त्वज्ञान मजजवळ तयार नव्हते. दुसऱ्यांनी खोबरेल तेल सुचवले. ते लावताच बंपर शाळिग्रामासारखा झाला. मार्गशीर्षातल्या पहाटे मात्र तेल थिजले आणि प्रत्येक खळग्यात पांढरा ठिपका उगवला.

गाड्या पुसणारा मुलगा त्या पहाटे बादली घेऊन आला, ठिपक्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, हे उरलंय का थोडं?” मी बाटली दिली. त्याने ती दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली आणि सुटलेले तेल बोटांच्या पेरांवर चोळले. थंडीत रोज गार पाण्यात भिजून ती इतकी फुटली होती की काही भेगांतून रक्त दिसत होते. ही बोटे वर्षानुवर्षे माझ्या बंपरावरून फिरत होती, आणि माझे सारे सूक्ष्म निरीक्षण बंपरावर खर्ची पडले होते. बाटली त्याच्याकडेच राहिली. रबरी हातमोजे आणले, ते तो घालत नाही. फडके हाताला लागत नाही म्हणतो.

असो. शेजाऱ्यांच्या नव्या एसयूव्हीचे क्लॅडिंग यंदा कडेने पांढरे पडू लागले आहे. परवा त्यांनी मला जिन्यात गाठून, आवाज खाली आणून, उपाय विचारला. मी म्हटले, रविवारी या. अर्ज मात्र लेखी आणा.