पाटीवरचे बर्डसाहेब

वेस्ट व्हर्जिनियात गाडी घेऊन फिरणारा परका माणूस थोड्याच वेळात बुचकळ्यात पडतो. पूल रॉबर्ट सी. बर्ड यांच्या नावाचा, धरण त्यांचं, शाळा त्यांची, कोर्टाची इमारतही त्यांचीच. ग्रीन बँकच्या दरीत शंभर मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आभाळाकडे तोंड करून बसली आहे, तिच्यावरही तेच नाव. आणि गंमत अशी, की हे नाव साहेबांचं जन्माचं नव्हेच. १९१७ साली जन्मले तेव्हा ते कॉर्नेलियस सेल होते. वर्षभरात फ्लूच्या साथीत आई गेली, आत्याच्या घरी दत्तक गेले आणि बर्ड झाले. फुकट मिळालेलं नाव कुणी इतकं वापरलं नसेल.

१९५९ साली साहेब वेस्ट व्हर्जिनियाचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या सिनेटमध्ये जे बसले, ते २०१० पर्यंत. तेवढ्यात अकरा अध्यक्ष झाले. कुणी ‘अध्यक्षांच्या हाताखाली’ म्हटलं की साहेब दुरुस्त करायचे: हाताखाली नव्हे, बरोबरीने.

१९८९ साली तिजोरीच्या किल्ल्या, म्हणजे विनियोजन समितीचं अध्यक्षपद, हाती आलं. पाच वर्षांत राज्यात अब्ज डॉलर आणायचं त्यांनी ठरवलं आणि मुदतीच्या आधीच आणले. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं दफ्तर वॉशिंग्टनहून उठून क्लार्क्सबर्गला आलं. समुद्र नसलेल्या राज्यात तटरक्षक दलाचं केंद्र उभं राहिलं. मतदारसंघात अशी सरकारी खैरात ओतण्याला अमेरिकेत ‘डुकराचं मांस’ म्हणतात. टीकाकारांनी साहेबांना त्या मांसाचा राजा ठरवलं. बिचाऱ्यांनी उमेदवारीच्या काळात खरोखरच खाटकाचं काम केलं होतं; वाटे कसे घालायचे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

खिशात राज्यघटनेची प्रत कायम. प्रचारात फिडल वाजवायचे. तिची रेकॉर्डही निघाली. पदवी नसताना रात्रीच्या वर्गांना बसून कायद्याची पदवी मिळवली. १९६३ साली तो कागद अध्यक्ष केनेडींनी हाती दिला. बी.ए. मात्र राहिलंच होतं, ते पंचाहत्तरी उलटल्यावर १९९४ मध्ये केलं. अंदाजपत्रकातली एखादीच बाब खोडायचा अधिकार अध्यक्षांना देण्याची चर्चा निघाली, तेव्हा १९९३ साली साहेबांनी सभागृहाला रोमचा इतिहास ऐकवला. चौदा भाषणं! मुद्दा एवढाच, की तिजोरीला हात लावू नका.

पण या बोलघेवडेपणाला एक काळी बाजू होती, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. तरुणपणी ते कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेत होते. नुसते होते असं नाही, आपल्या भागात त्यांनीच माणसं जमवली. १९६४ साली नागरी हक्कांचं विधेयक अडवायला चौदा तासांहून जास्त बोलले, तेव्हाही घसा बसला नाही. पुढे माफी मात्र इतक्या वेळा मागितली, की तेही एक कायमचं भाषण झालं. २००८ मध्ये त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला.

ब्याण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा शवपेटी थेट सिनेटच्या सभागृहात आणून ठेवली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिथे ते एक शब्द न बोलता होते.

दफन मात्र शेजारच्या व्हर्जिनियात झालं, पत्नी अर्माच्या शेजारी. अख्खं राज्य नावावर, आणि साडेतीन हात जागा परराज्यात.